बागवानमॅडम विसरत नाहीत

बागवानमॅडमना मी कधी चिडलेलं पाहिलं नाही. आमच्या सोलापुरात माणसं पटकन तापतात आणि तेवढ्याच पटकन एकत्र चहाला बसतात. मॅडमचं तसं नव्हतं. त्यांना राग यायचाच नाही, त्यामुळं तो जायचाही नाही. कुणी लागेलसं बोललं की त्या क्षणभर त्या माणसाच्या तोंडाकडं बघायच्या, चष्मा वर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "बरं. राहू दे." ज्यांना ओळख नव्हती त्यांना वाटायचं, बाई मोठ्या मनाची आहे. आम्हाला ओळख होती. आम्हाला त्या माणसाची काळजी वाटायची.

सात रस्ता चौकाजवळ, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. मालक देशमाने. काम असं, की कारखान्यात पट्ट्यावरून माल पळत असतो, त्याच्यावर कॅमेरे बसवायचे आणि खराब माल आपोआप पकडायचा. मी जेऊरचा, डिप्लोमा करून इकडं आलेला. पॅनलचं वायरिंग माझ्याकडं. कॅमेरे यास्मीन बागवान यांच्याकडं. हे कॅमेरे म्हणजे लग्नात फोटो काढायचे नव्हेत. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा चौकोनी डबा, पुढं भिंग, मागं दोन वायरी. टॉवेल खालून सरकत जातो, कॅमेरा डाग, भोक, निसटलेला धागा शोधतो. सापडला तर लाल दिवा, नाहीतर हिरवा.

देशमाने प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "शेठ, माणूस खोटं बोलेल, कॅमेरा बोलणार नाही." गोड माणूस. पांढरा शर्ट, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. मॅडम गिऱ्हाइकासमोर काही बोलायच्या नाहीत. परत येताना गाडीत म्हणायच्या, "साळुंखे, कॅमेरा खोटं बोलत नाही असं म्हणणाऱ्यानं आयुष्यात कधी कॅमेरा लावलेला नसतो."

एकदा त्यांनी मला ते दाखवलंच. पांढऱ्या टॉवेलवर मशीनच्या तेलाचा थेंब टाकला आणि कॅमेऱ्याखाली धरला. पडद्यावर पिवळट डाग स्वच्छ दिसत होता. मग त्यांनी गेन वाढवत नेला. गेन म्हणजे चित्राचा उजळपणा वर चढवायचं बटण समजा. डाग फिका झाला, मग शंका यावी एवढाच उरला, मग पांढऱ्यात विरघळून गेला. "डाग टॉवेलवर आहे की नाही?"

"हाय की, मॅडम."

"आणि चित्रात?"

"न्हाय."

"मग हिरवा दिवा लागणार. दिव्याला टॉवेल दिसत नाही, चित्र दिसतं." एवढं बोलून त्यांनी गेन परत जागेवर आणला. नुसतं शिकवण्यासाठी चुकीचं केलेलं सेटिंगही त्यांना मिनिटभर तसंच ठेवणं सोसायचं नाही.

त्यांच्या सवयी बारीक होत्या. भिंगाला कापड लावायच्या नाहीत, रबरी फुंकणीनं धूळ उडवायच्या. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चटणी मागितली तर द्यायच्या, पण डब्यात कुणी हात घातलेला चालायचा नाही. कारखान्यात शिरल्यावर आधी मालकाला नव्हे, तपासणीच्या टेबलावरच्या बायकांना भेटायच्या, त्यांच्याशी मोडक्यातोडक्या तेलुगूत बोलायच्या आणि विचारायच्या, "कापड कुठं फसवतं?"

आणि डूख. ऑफिसच्या रांगेतच एक हॉटेल होतं. मॅडम नव्या होत्या तेव्हा तिथं एकट्या चहा पीत बसल्या होत्या. मालकानं येऊन सांगितलं, बाई, गर्दी आहे, तुम्ही आत फॅमिलीच्या खोलीत बसा. त्या म्हणाल्या, बरं, राहू दे. अर्धा चहा ठेवून उठल्या. त्यानंतर बाहेरगावचं कुठलंही गिऱ्हाईक आलं की त्या त्याला भर उन्हात रस्ता ओलांडून पलीकडच्या टपरीवर न्यायच्या. समोर हॉटेल असताना इतकं लांब का, असं त्यानं विचारायचीच त्या वाट बघायच्या. "तिथं बायकांना उठवतात," एवढंच सांगायच्या, पण हॉटेलच्या दारात उभं राहून, गल्ल्यावर ऐकू जाईल अशा बेतानं. सात-आठ वर्षं हे चाललं. शेवटी तो मालक स्वतः चहाचा कप घेऊन ऑफिसात आला, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मी बाहेरचा चहा बंद केलाय."

दुसरी गोष्ट त्यांच्या कॉलेजच्या सरांची. तोंडी परीक्षेत ते सर म्हणाले होते, मुलींना मशीनजवळ पाठवून काय करायचंय, आणि मार्क कापले होते. पुढं त्याच सरांची मुलगी आमच्याकडं नोकरी मागायला आली. मला वाटलं, संपलं पोरीचं. मॅडमनी तिची नीट परीक्षा घेतली, पोरगी हुशार निघाली, त्यांनी तिला लगेच घेतलं. जाताना म्हणाल्या, "घरी सांग, कुणी घेतलं ते. आणि मशीनजवळचंच काम आहे, हे पण सांग." दर दिवाळीला त्या सरांचा मॅडमना फोन यायचा. त्या उचलायच्या नाहीत. फोन वाजत असताना त्याच्याकडं बघत बसायच्या, आणि मला वाटतं, तीच त्यांची दिवाळी होती.

तर अशा बाईच्या वाट्याला देशमाने गेले.

अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत व्यंकटेश शेठचा टॉवेलचा कारखाना होता. माल परदेशी जायचा. कॅमेरा मॅडमनी बसवला, उत्तम चालला. मग शेठला वेग वाढवून हवा झाला. मॅडम म्हणाल्या, या वेगाला दुसरा कॅमेरा लागेल. देशमानेंना एकाच कॅमेऱ्यात काम दाखवायचं होतं. त्याच दिवसांत मॅडम दुसऱ्या कामासाठी पंढरपूरला होत्या. व्यंकटेश शेठ गावाला गेलेले असताना देशमाने स्वतः त्यांच्या कारखान्यात गेले आणि त्या संध्याकाळी कारखाना दुप्पट वेगानं चालू लागला.

त्यांनी काय केलं ते आम्हाला फार पुढं कळलं; सांगतो, अवघड नाही. कॅमेऱ्याच्या चिपवर उजेड टिपणाऱ्या बारीक ओळी असतात, शेतातल्या सऱ्यांसारख्या. कॅमेरा एकेक ओळ वाचत जातो. सगळ्या वाचायला वेळ लागतो. पण त्याला सांगता येतं, की वरच्या सोड, खालच्या सोड, मधला पट्टा तेवढाच वाच. मग तो पळतो. जिथं बघायची वस्तूच मधल्या पट्ट्यात असते तिथं हे शहाणपणाचंच. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायला अख्खं पाकीट कशाला बघायचं, असं मॅडमच म्हणायच्या. पण व्यंकटेश शेठकडं जागा अरुंद, कॅमेरा आडवा बसवलेला. तिथं वरच्या आणि खालच्या ओळी म्हणजे टॉवेलच्या दोन्ही किनारी. देशमानेंनी किनारी वाचणंच बंद केलं. त्यात वेग वाढला की प्रत्येक चित्राच्या वाट्याला उजेड कमी येतो; तो भरून काढायला गेन इतका चढवला की फिके डागही पांढऱ्यात गेले. सगळीकडं हिरवा दिवा. शेठ खूश, आणि तपासणीचं टेबल त्यांनी बंद करून टाकलं.

काही महिन्यांनी अख्खा माल परत आला.

शेठच्या केबिनमध्ये आम्ही सगळे उभे होतो. टेबलावर परत आलेले टॉवेल. शेठनं विचारलं, "हे सेटिंग कुणी केलं?" देशमानेंनी मान वळवून मॅडमकडं बघितलं. बोट दाखवलं नाही, नुसतं बघितलं. मग सावकाश म्हणाले, "शेठ, चूक आमचीच. बाईमाणूस आहे, घरी वडील आजारी, लक्ष नसतं. मी आजच त्यांना मोकळं करतो."

मॅडम टेबलावरचे टॉवेल एकेक उलगडून बघत होत्या. मग शेठना म्हणाल्या, "शेठ, भोकं आणि निसटलेले धागे सगळे किनारीला चार बोटांच्या आत आहेत. मध्ये एकही नाही. माणूस चुकला तर कुठंही चुकतो. असा रेषेत चुकत नाही. मला एकदा कॅमेरा उघडून बघू द्या."

शेठ संतापलेले होते. म्हणाले, "आता तू माझ्या गेटच्या आत पाय ठेवायचा नाहीस." दुसऱ्या दिवशी मॅडम गेल्या तर वॉचमननं त्यांना खरंच अडवलं. तोवर देशमानेंनी कॅमेरा बदलून टाकला होता.

सोलापूर मोठं दिसतं, पण धंद्यात गल्लीएवढं आहे. आठवड्यात सगळ्या एमआयडीसीत झालं, की बागवान नावाच्या बाईनं व्यंकटेश शेठला बुडवलं. त्यांना कुणी कामावर घेईना. मी त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. मी पण नोकरी सोडतोय, असं म्हणालो. त्या म्हणाल्या, "नको. दोघांची चूल विझवून त्याला आनंद कशाला देतोस?" आतल्या खोलीत त्यांचे अब्बा कॉटवर होते. रशीदभाई. जन्म मार्केट यार्डात फळांच्या गाळ्यावर गेलेला, उभ्या बाजारात त्यांचा शब्द चालायचा. त्यांना भेटायला येणाऱ्या कुणीतरी ही गोष्ट त्यांच्या कानावर घातली होती. मी तिथं असतानाच त्यांनी मॅडमना जवळ बोलावलं. आवाज फार बारीक झाला होता.

"बेटा, सच्ची बता. तेरेसे गलती हुई थी क्या?"

मॅडम म्हणाल्या, "नै अब्बा."

ते छताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हौ. हुई भी हो तो क्या हुआ. मैं हूँ ना." आणि त्यांनी मॅडमच्या हातावर थोपटलं.

बाहेर आल्यावर मॅडम दारात थांबल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला वेगळा वाटला. "साळुंखे, अब्बांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. मला माफ केलं. मी काही केलेलंच नसताना." रशीदभाई त्याच महिन्यात गेले. नोकरी, नाव, ते सगळं मॅडम कदाचित कधीतरी सोडून देऊ शकल्या असत्या. ती माफी त्यांना सोडवेना.

त्या हैदराबादला गेल्या. औषधांच्या कंपनीत कॅमेरे लावत होत्या, एवढं कळायचं. इकडं देशमाने वाढले. नवी गाडी, नवा बोर्ड, तेच वाक्य. मी पुढं त्यांच्याकडून बाहेर पडून मोहोळ रस्त्यावरच्या एका मोठ्या टॉवेल कारखान्यात लागलो. आणि एका सोमवारी तिथं गुणवत्ता विभागाच्या नव्या प्रमुख म्हणून बागवानमॅडम आल्या. केस पांढरे झाले होते. मला बघून म्हणाल्या, "अजून वायरींना गाठी मारतोस का नीट बांधतोस?"

कारखान्याला प्रत्येक मशीनवर कॅमेरे बसवायचे होते. अटी मॅडमनी लिहिल्या. कापडाची पूर्ण रुंदी तपासली गेली पाहिजे, आणि वेग असा, की एका कॅमेऱ्याला ती रुंदी पूर्ण वाचून झेपणारच नाही. पुण्याच्या आणि कोइमतूरच्या लोकांनी प्रामाणिकपणे कळवलं, दोन कॅमेरे लागतील. देशमानेंनी कळवलं, एकात होतं.

मी म्हणालो, "मॅडम, सरळ नाकारा की त्याला."

"नाकारलं तर गावभर सांगेल, बाईनं डूख धरला. आणि ते खरंच असेल." त्या हसल्या. "त्याला नाकारायचं नाही. बोलवायचं. येईल तो. जे एकदा खपलं ते माणूस पुन्हा विकतोच."

प्रात्यक्षिकाच्या दिवसासाठी त्यांनी कापडाचा एक ताका तयार करवला. काही खोटं केलं नाही; कारखान्यातच रोज बाजूला पडणारे खराब तुकडे घेतले, पण निवडून. मध्ये निर्दोष, किनारीला फाटके. शेवटी तेलाच्या फिक्या डागांचे पांढरे तुकडे. तपासणीच्या बायकांनी ते एकाला एक शिवले. त्यातल्या दोघींना व्यंकटेश शेठच्या बंद झालेल्या टेबलावरून घरी बसावं लागलं होतं. त्या हसत हसत शिवत होत्या. मीही पॅनल जोडताना शीळ घालत होतो. खरं सांगायचं तर इतक्या आनंदानं मी कधी वायरिंग केलेलं नाही.

संचालक आले, शहरातले दोन-चार कारखानदार आले. जुने अनुभवी म्हणून मॅडमनी व्यंकटेश शेठना खास बोलावलं होतं. देशमाने आत आले, मॅडमना बघून एक पाऊल थबकले आणि लगेच हात जोडून म्हणाले, "अरे वा, आमच्याच मॅडम." मॅडम म्हणाल्या, "या. आम्ही तुमचीच वाट बघत होतो."

देशमानेंनी भाषण केलं. खोटं न बोलणाऱ्या कॅमेऱ्याचं वाक्यही आलं. कापड सुटलं. अख्खा ताका सरसर सरकत गेला आणि दिवा पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरवा राहिला. टाळ्या पडल्या.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता हेच कापड हातानं बघू."

ताका टेबलावर उलगडला. व्यंकटेश शेठ जन्माचे विणकर; त्यांची बोटं आपसूक किनारीवर गेली. बोट भोकातून आरपार निघालं. त्यांनी पुढचा तुकडा ओढला, त्याच्या पुढचा ओढला. खोलीत कापड ओढल्याचा तेवढा आवाज येत होता.

"सेटिंगमध्ये जरा काहीतरी..." देशमाने म्हणाले.

मॅडमनी विचारलं, "सेटिंग कुणी केलं?"

आणि देशमानेंनी मान वळवली. मागं त्यांची इंजिनिअर उभी होती, नुकती नोकरीला लागलेली मुलगी. ते तिच्याकडं बघायला लागले. अगदी तसंच, बोट न दाखवता.

"तिच्याकडं बघू नका," मॅडम म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता. "मागच्या खेपेला माझ्याकडं बघितलं होतं. बेटा, कॅमेरा पूर्ण उघड. सगळ्या ओळी वाचू दे. आणि गेन खाली घे."

त्या मुलीनं दोन आकडे बदलले. पडद्यावर मधल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजू उघडल्या, किनारी दिसू लागल्या, पांढऱ्यातून पिवळे डाग वर आले. कापड पुन्हा सोडलं तर कॅमेऱ्याला तो वेग झेपेना. मुंगीच्या चालीनं सोडावं लागलं. दिवा लाल झाला तो लालच राहिला.

व्यंकटेश शेठ उठून पडद्याजवळ गेले आणि वाकून किनारी बघायला लागले. मग म्हणाले, "देशमाने, माझा माल आला परत, तेव्हा पण हेच का?"

देशमाने आपली बॅग आवरायला लागले.

"मी या बाईला गेटवरनं हाकलली होती हो," शेठ म्हणाले. ते कुणाला उद्देशून म्हणाले कळलं नाही. मॅडमकडं बघायचं त्यांनी टाळलं आणि तसेच निघून गेले.

नंतर देशमाने केबिनमध्ये आले. मी तिथंच होतो. मी बाहेर निघालो तर मॅडमनी खुणेनं बसवलं. देशमाने म्हणाले, झालं गेलं विसरून जा, धंद्यात होतं कधीकधी, मी काय करू ते सांगा.

"उद्या सकाळी मार्केट यार्डात या. फळांच्या सौद्याला."

आले बिचारे. दुसरा इलाज नव्हता; बाकीचे कारखानदार काय करतात ते मॅडमच्या एका शब्दावर होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. मॅडमनी त्यांना अब्बांच्या जुन्या गाळ्यासमोर उभं केलं. रशीदभाईंच्या बरोबरीचे चार म्हातारे व्यापारी तिथं पेट्यांवर बसले होते. बाजूला पपयांचा सौदा जोरात.

"चाचा, यांना काही सांगायचंय," मॅडम म्हणाल्या.

देशमाने म्हणाले, "मॅडमच्या बाबतीत थोडा गैरसमज झाला होता."

"गैरसमज नाही," मॅडम म्हणाल्या.

"माझी चूक झाली."

"चूक नाही. जे झालं ते सांगा."

देशमानेंनी पुटपुटत सांगितलं. सौद्याच्या आरडाओरड्यात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. सगळ्यात म्हाताऱ्या मौलाचाचांनी कानाला हात लावला. "क्या बोल रै? जोर से बोलो."

आणि देशमानेंना भर बाजारात ओरडून सांगावं लागलं, की काम मी केलं होतं, नाव हिचं घेतलं, मी खोटं बोललो. पपयावाले थांबून बघायला लागले. मौलाचाचा अजून डोकं हलवत होते. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा सांगा. त्यांना नाही कळलं." त्यांनी ते तीनदा वदवून घेतलं. माझ्या मनात कीव आली नाही. चौथ्यांदाही ऐकायला मी तयार होतो.

शेवटी मौलाचाचा म्हणाले, "ये बात रशीद को बोलना था." मॅडम "हौ चाचा" म्हणाल्या आणि देशमानेंना तिथंच सोडून माझ्या मोटारसायकलवर बसल्या. मला वाटलं होतं, त्यांना हलकं वाटत असेल. पण कारखाना आल्यावर त्या उतरल्या आणि रोजच्यासारख्याच तपासणीच्या टेबलाकडं गेल्या.

सोलापुरात देशमानेंचं काम आटलं आणि वर्षाच्या आत ऑफिसला कुलूप लागलं. त्यांची ती इंजिनिअर मुलगी आमच्याकडं आली. पुढं माझ्या थोरल्या भावाचं दुखणं निघालं आणि मी जेऊरला परतलो. स्टेशनच्या रस्त्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. मॅडमचा फोन कधीमधी यायचा. गेल्या हिवाळ्यात त्यांनी कळवलं, दुपारच्या गाडीनं मुंबईकडं जातेय, स्टेशनवर ये.

गाडी जेऊरला उभी राहिली, तेव्हा त्या दारातच होत्या. सोबत दोन मोठ्या बॅगा.

"कुटं निघालात एवढं सामान घेऊन?"

"भिवंडीला. नोकरी घेतली."

मला नवल वाटलं. मोहोळ रस्त्याची एवढी मोठी जागा सोडून? "पगार जास्त हाय का?"

"कमी आहे."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "देशमाने तितं हाय का?"

"नवीन नावानं ऑफिस काढलंय म्हणे," त्या म्हणाल्या. "एकाच कॅमेऱ्यात होतं, असं सांगतो लोकांना."

"मॅडम, सोडा की आता. सगळ्यांसमोर कबूल केलं त्यानं. अजून काय करायचं राहिलं?"

"मी कुठं काय करतेय? तिथं कापड तपासायला माणूस पाहिजे होतं, म्हणून चाललेय."

गाडीनं शिटी दिली. डबा हलायला लागला तसा मी दोन पावलं बरोबर चाललो. "आन् तितनं पण पळाला तर?"

"मग तो जाईल तिथं काय विणतात, ते बघावं लागेल," मॅडम म्हणाल्या, आणि आत जाऊन खिडकीशी बसल्या. खिडकी माझ्यासमोरून गेली तेव्हा त्यांनी मांडीवर कागद पसरला होता आणि त्या शांतपणे पेरूच्या फोडी करत होत्या.